आईची काठी, वॉकर आणि बाकीच्या तीन वस्तू : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत आई न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि डावा खुबा मोडला. ऑपरेशनमध्ये खुब्याचा गोळा बदलला. आईचं वय ७६, उंची पाच फूट एक इंच, वजन ५८ किलो. हे आकडे मुद्दाम देतेय, कारण वॉकर घ्यायला गेले तेव्हा दुकानात ते कुणी विचारले नाहीत आणि सांगावेत असं मलाही सुचलं नाही. "वॉकर दाखवा" एवढंच म्हणाले आणि समोर आला तो घेऊन आले.

तेव्हापासून घरात पाच वस्तू आल्या. साधा वॉकर, चार पायांची काठी, एकपायी काठी, ब्रेक आणि बैठक असलेला चार चाकांचा वॉकर (त्याला रोलेटर म्हणतात) आणि भाड्याने आणलेली व्हीलचेअर. घरात आज त्यातल्या दोनच लागतात.

आधी घराबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, जुन्या पद्धतीचं. रस्त्यावरून ओटल्याच्या (दारापुढच्या ओट्याच्या) दोन पायऱ्या, प्रत्येक खोलीला उंबरा, मधल्या खोलीत कोटा फरशी, आणि गच्चीचा जिना इतका उभा की वर्षानुवर्षं आम्ही वरून सोडलेला दोर धरून चढायचो.

वॉकर १,४०० रुपयांचा, अॅल्युमिनियमचा, घडी होणारा. पहिल्याच आठवड्यात आईची मान आणि खांदे दुखायला लागले. आम्ही उशी बदलली, शेक दिला. व्यायाम करून घ्यायला घरी एक बेन (गुजरातीत ताई) यायच्या, त्यांनी आईला चार पावलं चालताना बघितलं आणि वॉकरच्या चारही पायांची बटणं दाबून उंची दोन भोकांनी खाली घेतली. दुकानातून आला तसाच आम्ही वापरत होतो, त्यामुळे आई खांदे उचकून चालत होती. माप अगदी सोपं आहे. चालताना जी चप्पल घालणार तीच घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. काठीलाही हेच माप.

चालण्याचा क्रमसुद्धा शिकावा लागतो. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. वॉकरच्या पुढच्या दांडीला पोट टेकेपर्यंत आत शिरायचं नाही, तोल मागे जातो. आणि खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही, तो अंगावर उलटतो. खुर्चीचे हात दाबून उठायचं, उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा. आईला ही सवय लागायला दोन आठवडे गेले. पुढे चाकं असलेला वॉकर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. मावशीच्या वासणा रोडवरच्या फ्लॅटमध्ये उंबरेच नाहीत, तिथे चाकांचा वॉकर छान चालेल. आमच्याकडे चाकं प्रत्येक उंबऱ्याला अडतात. म्हणून उचलून ठेवायचा वॉकरच बरा पडला, हात जरा दमले तरी.

आमची खरी अडचण न्हाणीची. वॉकर २५ इंच रुंद, न्हाणीचं दार साडेबावीस. आडवा करून, तिरका करून आत नेण्याच्या खटपटीत आई एकदा पुन्हा पडता पडता वाचली. शेवटी गवंडी बोलावून भिंतीत स्टीलचे दोन दांडे पक्के बसवले, एक दाराशी आणि एक कमोडशेजारी. टॉवेलच्या दांडीवर कुणी भार देऊ नका, ती त्यासाठी नसते. उंबरा फोडायचा विषय निघाला तेव्हा आई रुसली. "घराचा उंबरा कुणी फोडतं का?" मग ठरलं की मुख्य दाराचा, जिथे ती रोज रांगोळी काढते, तो तसाच ठेवायचा आणि न्हाणीचा काढायचा. तो काढल्यापासून तिला न्हाणीत जायची भीती उरली नाही. या ऑपरेशननंतर खाली बसायची मनाई असते, म्हणून पाट आणि बुटकं स्टूल माळ्यावर गेलं आणि कमोडवर उंच बैठक आली.

चार पायांची काठी मी घाईत घेतली. सहाव्या आठवड्यात वॉकर सुटेल असं वाटलं, आणि चार पाय म्हणजे जास्त भक्कम, असा माझा हिशेब होता. कोटा फरशीच्या सांध्यांवर चारही पाय एकदम टेकत नाहीत, काठी डुगडुगते. ओटल्याच्या पायरीवर तर ती मावतच नाही. त्यात मी ती आईच्या डाव्या हातात दिली होती, डावा पाय दुखरा म्हणून. घरातल्या सगळ्यांना तेच बरोबर वाटत होतं. बेननी बघितल्याबरोबर सांगितलं, "बा, लाकडी जमणा हाथमां राखो." उजव्या हातात! कारण त्यांनी नीट समजावलं. डाव्या पायावर उभं राहिलं की कंबर उजवीकडे झुकू नये म्हणून डाव्या खुब्याचे स्नायू जोरात ओढ घेतात, आणि त्या ओढीमुळे सांध्यावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पडतो. उजव्या हातातली काठी तो तोल सावरते, स्नायूंची ओढ कमी होते, सांधा हलका होतो. हात बदलला त्याच दिवशी आईचं लचकत चालणं निम्म्यावर आलं. ज्यांच्या घरी कुणी काठी वापरत असेल त्यांनी आज एवढं तरी बघा, ती कुठल्या हातात आहे.

ती चौपायी काठी आता शेजारच्या काकांकडे आहे. त्यांना अर्धांगवायू झालाय, एकच हात चालतो. दाराची कडी काढताना काठी सोडली तरी ती उभी राहते, त्यांना नेमकं तेच हवं होतं. तिची सपाट बाजू अंगाकडे आणि पसरलेले पाय बाहेरच्या बाजूला ठेवायचे, नाहीतर त्यात पाय अडकतो. दुकानदाराने कुबड्याही सुचवल्या होत्या, पण आईच्या हातांत तेवढी ताकद नाही. कुणी घेतल्याच तर भार तळहातांवर द्या. काखेत लटकलं की तिथली नस दाबली जाते आणि हात बधिर होतो.

एकपायी काठी आणली आणि ती तीन आठवडे कपाटाशेजारी उभी राहिली. घरात वॉकर चालेल, पण काठी घेऊन बाहेर जायचं नाही, असं आईचं म्हणणं. जोर दिला की डोळ्यांत पाणी. एक दिवस तिनेच माळ्यावरची आजोबांची शिसवी काठी काढायला सांगितली. आजोबा ती घेऊन रोज सुरसागर तलावाला फेरी मारायचे. ती आईला दोन इंच उंच होत होती. कापायला माझा जीव धजेना. आई म्हणाली, "अगं, बाबांनी मला कापून दिलीच असती." चप्पल घालून माप घेतलं, खालच्या रबराची जाडी वजा केली, सुताराकडून कापून घेतली. त्या एकादशीला ती मांडवीच्या विठ्ठलमंदिरात चालत गेली, आजोबांची काठी उजव्या हातात. घरातल्या अॅल्युमिनियमच्या काठीची मूठ मात्र रुंद, तळव्याला पुरणारी आहे, आणि रोजच्या वापराला तीच चांगली. गोल वाकड्या मुठीने तळहात लवकर दुखतो.

खालच्या रबराविषयी कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. खंडेराव मार्केटमध्ये भाज्यांवर पाणी मारलेलं होतं, काठी सटकली. मी दंड धरला होता म्हणून निभावलं. घरी येऊन बघितलं तर रबर एका बाजूने पार गुळगुळीत, खाचा गेलेल्या. नवं ४० रुपयांना मिळालं. आता दर महिन्याच्या एक तारखेला काठी आणि वॉकर उलटे करून बघते. घरात एक जादा रबर असतं. घेताना नळीची जाडी मापून न्या, सैल रबर निघून येतं.

जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आईने पायांना नावं ठेवली आहेत, शहाणा आणि रुसका. "शहाणा आधी चढतो, रुसका आधी उतरतो," असं पुटपुटत ती पाऊल टाकते. दोराच्या जागी लोखंडी कठडा लावला, आणि उत्तरायणाला, १४ जानेवारीला, ती सतरा पायऱ्या चढून गच्चीवर आली. मी मागे एक पायरी खाली होते. पतंगांचा आरडाओरडा चालू होता आणि मला रडू आवरेना.

रोलेटर भावाने पुण्याहून पाठवला. घरात तो निरुपयोगी, पण कमाटीबागेतल्या सपाट रस्त्यांवर उत्तम. फुलांच्या घड्याळापर्यंत चालायचं, बैठकीवर दोन मिनिटं टेकायचं, परत यायचं. बसण्याआधी ब्रेकच्या मुठी खाली दाबून चाकं कुलूपबंद करायलाच हवीत. ज्याला अंगाचा भार टाकून चालावं लागतं त्याच्यासाठी तो नाही, उतारावर पुढे पळतो.

व्हीलचेअर सुरतच्या लग्नापुरती आणली. १८ इंच बैठकीत आई एका बाजूला कलत होती. १६ इंचांची मागून घेतली तेव्हा ती सरळ बसली. उठताना आधी ब्रेक, मग पायपट्ट्या वर. ओटल्यासाठी चार फुटांचा रॅम्प एकाने विकायला आणला होता, तो आम्ही घेतला नाही. सुरक्षित उतार एकास बारा धरतात, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आमचा ओटला १४ इंच उंच, म्हणजे रॅम्प चौदा फूट हवा. तेवढी जागा गल्लीत नाही, त्यामुळे दोघं जण खुर्ची उचलायचे.

खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. साठीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर मोफत मिळतात. कानपूरची सरकारी कंपनी एलिम्को शिबिरांमधून मापं घेऊन त्या देते.

सध्या दिवसा काठी आणि रात्री पलंगाशी वॉकर, असं चाललं आहे. झोपेतून उठल्यावर पाय जड असतात, तेव्हा काठी पुरत नाही. वॉकरच्या पुढच्या दांडीला मधोमध एक कापडी पिशवी बांधली आहे, तिच्यात चष्मा आणि टॉर्च.