नऊ इंची टायरवरची कसोटी : एनएचआरएचा फॅक्टरी स्टॉक शोडाउन

अमेरिकेत ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्टीवरची दोन गाड्यांची शर्यत, पाहायला पहिल्यांदा जाणारा माणूस बहुतेक वेळा टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गाच्या लांबलचक यंत्रांसाठी जातो आणि त्यांच्या आवाजाने छातीचा पिंजरा हादरवून घेऊन परततो. मीही तसाच गेलो होतो. पिंपरीच्या कारखान्यात नोकरीची सुरुवात केल्यापासून आजतागायत माझे पोट गाड्यांच्या इंजिनांवरच चालत आले आहे आणि गेली काही वर्षे मी मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे सप्टेंबरच्या आरंभीच्या लेबर डेच्या सुट्टीत पाच तास गाडी चालवून इंडियानापोलिसजवळच्या रेसवे पार्कवर एनएचआरएच्या (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या) यूएस नॅशनल्सला जाणे हा आता घरचा रिवाज झाला आहे. 1961 पासून ही स्पर्धा याच ठिकाणी भरते. तिथे जे जे पाहिले त्यात मला सर्वांत जास्त काही देऊन गेलेला आणि नव्या प्रेक्षकाने आवर्जून पाहावा असा वर्ग म्हणजे फॅक्टरी स्टॉक शोडाउन.

या वर्गात तीनच जातींच्या गाड्या मुख्यत्वे दिसतात: फोर्डची मस्टँग कोब्रा जेट, शेवरलेची कोपो कॅमॅरो आणि डॉजची चॅलेंजर ड्रॅग पाक. तिन्ही गाड्या त्या त्या कंपनीने स्वतः, केवळ शर्यतीसाठी आणि मोजक्या संख्येने तयार केलेल्या असतात. शर्यत पूर्ण पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची असते (टॉप फ्युएलची शर्यत 2008 पासून 1000 फुटांवर आणली गेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते). चांगल्या गाड्या हे अंतर आठ सेकंदांच्या आत कापतात आणि शेवटच्या रेषेवर ताशी 280 किलोमीटरच्याही पुढे गेलेल्या असतात. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची व्हॅली रन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे आकडे किती मोठे आहेत ते वेगळे सांगायला नको.

नवख्याला हा वर्ग सोपा जातो याचे एक साधे कारण आहे. हौशी स्पर्धकांच्या बऱ्याच वर्गांत हळू गाडीला आधी सोडतात आणि वेगवान गाडीला मागाहून, त्यामुळे कोण का जिंकले हे कळेपर्यंत पुढची जोडी येऊन उभी राहते. इथे तो हिशेब नाही. दोघांना हिरवा दिवा एकाच क्षणी मिळतो आणि जो आधी पोचतो तो जिंकतो. सात-आठ वर्षांचे पोरदेखील पहिल्याच फेरीपासून समरस होते, हा माझा घरचा अनुभव आहे.

या वर्गाचे खरे मर्म मात्र मागच्या चाकांत आहे. नियमाने टायर फक्त नऊ इंच रुंदीचा लावता येतो आणि त्यावर हजारभर अश्वशक्तीहूनही अधिक ताकद उतरवायची असते. ताकद भरपूर आणि जमिनीला धरून ठेवणारा पट्टा तळहाताच्या मापाचा, अशा विषम जोडीमुळे इथली प्रत्येक धाव चालकाची आणि गाडी जुळवणाऱ्याची परीक्षा ठरते. सुरुवातीच्या रेषेजवळ उभे राहून पाहा. गाडी पाण्यावरून पुढे येते, बर्नआउटचा, म्हणजे टायर तापवण्यासाठी चाके जागच्या जागी फिरवण्याचा, पांढरा धूर मागच्या काचेपर्यंत चढतो, जळक्या रबराचा वास घशाशी येतो, आणि मग एकदम सगळे शांत झाल्यासारखे वाटते. गाडी इंचाइंचाने सरकते, दिव्यांच्या खांबावरचे वरचे दोन छोटे दिवे एकापाठोपाठ लागतात, सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची, बारीक शीळ चढत जाते. तीन पिवळे दिवे एकदमच पेटतात आणि चार दशांश सेकंदाने हिरवा. त्या क्षणी नजर चालकावर नको, मागच्या टायरवर हवी. टायरची बाजूची भिंत कापडाला चुण्या पडाव्यात तशी चुरगळते, चाक आधी फिरू पाहते आणि रबर मागे राहते, आणि पुढची चाके जमिनीवरून उचलली जातात. चुण्या नीट सुटल्या तर गाडी दोरी ओढल्यासारखी सरळ जाते. जरा कमी-जास्त झाले तर टायर घसरतो, आवाज अचानक चढतो आणि सामना तिथेच, पहिल्या वीस मीटरांत संपतो. टॉप फ्युएलमध्ये हे सारे इतक्या वेगाने होते की माणसाला काही दिसतच नाही. इथे दिसते, समजते, आणि पुढच्या धावेला आपण स्वतःच अंदाज बांधू लागतो.

इंजिनांच्या बाबतीत तर माझ्यासारख्याला ही पर्वणीच आहे, कारण तीन कंपन्यांनी एकच प्रश्न तीन वेगळ्या वाटांनी सोडवलेला एकाच रांगेत पाहायला मिळतो. डॉजचे 354 घनइंचाचे हेमी आणि शेवरलेचे 350 घनइंचाचे एलएसएक्स ही दोन्ही जुन्या घराण्यातली, पुशरॉडने, म्हणजे लांब दांड्यांनी, व्हॉल्व्ह हलवणारी इंजिने आहेत. फोर्डचे 5.2 लिटरचे इंजिन आकाराने त्यांच्याहून लहान, पण त्याला चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दंड) आणि बत्तीस व्हॉल्व्ह आहेत. तिन्हींवर सुपरचार्जर आणि मागे एकसंध ॲक्सल. रस्त्यावरच्या याच गाड्यांना असलेले स्वतंत्र सस्पेन्शन इथे काढून टाकलेले असते, कारण सुरुवातीच्या धक्क्यात ते टिकणार नाही. एकाच कंपनीची मक्तेदारी होऊ नये म्हणून एनएचआरए गाड्यांच्या किमान वजनांत वेळोवेळी फेरबदल करते. त्यावर दरवर्षी वाद होतात आणि ते व्हावेतही. माझ्या मते तोल बऱ्यापैकी सांभाळला गेला आहे.

या गाड्यांना घराण्याचा इतिहासही आहे. 1968 मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे कोब्रा जेट प्रथम उतरली, आणि 1969 मध्ये शेवरलेच्या कार्यालयीन खास मागणीच्या मार्गाने, म्हणजेच ‘कोपो’ या पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या 427 घनइंची इंजिनाच्या फक्त 69 झेडएल-वन कॅमॅरो बाहेर पडल्या. 2012 मध्ये शेवरलेने कोपो पुन्हा सुरू केली तेव्हा संख्या पुन्हा 69 च ठेवली, आणि फोर्डने 2018 मध्ये पन्नासाव्या वर्षानिमित्त 68 कोब्रा जेट केल्या. हा आकड्यांचा मान ठेवणे मला मनापासून भावते. 2018 मध्येच हा वर्ग एका पूर्ण हंगामाच्या मालिकेत बदलला आणि पहिले विजेतेपद लिआ प्रिचेट हिने ड्रॅग पाक चालवून मिळवले, तेही त्याच हंगामात टॉप फ्युएल चालवत असताना.

आता जे खटकते तेही सांगितले पाहिजे. ‘स्टॉक’ हा शब्द ऐकून कोणी अशी समजूत करून घेतली की शोरूममधून आणलेली गाडी इथे धावते, तर त्याची निराशा होईल. या गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. फोर्डने 2018 ची कोब्रा जेट 1,30,000 डॉलरपासून विकायला काढली तेव्हा ती पाव मैल साधारण साडेआठ सेकंदांत कापेल असे सांगितले होते. आज रेषेवर उभ्या असलेल्या गाड्या आठच्या आत येतात, म्हणजे कारखान्याने दिलेल्या गाडीवर संघांनी किती मेहनत आणि किती पैसा ओतला आहे याची कल्पना येते. सर्वसामान्य हौशी माणसाला हा वर्ग परवडणारा उरलेला नाही. त्याहून मोठी काळजी पुरवठ्याची आहे. 2023 च्या डिसेंबरात कॅमॅरो आणि चॅलेंजर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. आहेत त्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील, यात शंका नाही, पण ज्या वर्गाचे नावच कारखान्यावरून पडले आहे त्याच्या तीन कारखान्यांपैकी दोघांनी आपली गाडीच बंद करावी, हे माझ्या जिवाला लागते.

पैसे वसूल होतात का? निःसंशय होतात, आणि त्याचे निम्मे श्रेय पिटला, म्हणजे संघ जिथे गाड्या तयार करतात त्या आवाराला, आहे. एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेचे कोणतेही तिकीट पिटमध्ये प्रवेश देते, वेगळा पास लागत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी एका कोब्रा जेटपाशी उभा होतो. बॉनेट उघडे, एक तरुण मुलगी इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीत बर्फाची पिशवी रिकामी करत होती आणि तिचे वडील गुडघ्यावर बसून मागच्या टायरची हवा मोजत होते. हवा सोडली तीही इतकी थोडी की मापकाचा काटा हललेला मला दिसलाही नाही. का सोडली असे विचारल्यावर त्यांनी मान वर न करता धावपट्टीवरचे ऊन दाखवले. ऊन वाढले की पट्टीची पकड बदलते आणि टायरची चुणी किती पडू द्यायची तो हिशेबही बदलतो, हे पुढची दहा मिनिटे त्यांनी मला, एका अनोळखी माणसाला, कौतुकाने समजावले.

जाणार असाल तर अंतिम फेऱ्यांपेक्षा पात्रता फेऱ्यांचा दिवस निवडा. गर्दी कमी असते आणि पिटमध्ये माणसे बोलायला मोकळी असतात. मुलांसाठी कानावर घट्ट बसणारे संरक्षक घरूनच न्यावेत, नुसते कापसाचे बोळे पुरत नाहीत. बसायला उंचावरची जागा घेऊ नका. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या वीस-पंचवीस मीटरांच्या आत, खालच्या ओळींत जागा धरा, आणि पिवळे दिवे पेटले की मागच्या टायरवरून नजर हलवू नका.