तीन जपानी चित्रपट, आणि वेळ एकाचाच असेल तर

2023 साली जपानचे तीन चित्रपट मोठ्या महोत्सवांतून जगभर पोचले. हिरोकाझू कोरे-एदा यांचा ‘मॉन्स्टर’ आणि विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होते, र्‍युसुके हामागुची यांचा ‘ईव्हिल डझ नॉट एग्झिस्ट’ सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या. तिघांनी बक्षिसं मिळवली. ‘मॉन्स्टर’च्या पटकथेसाठी युजी साकामोतो, ‘परफेक्ट डेज’मधल्या अभिनयासाठी कोजी याकुशो, आणि हामागुचींच्या चित्रपटाला व्हेनिसचं ग्रँड ज्युरी पारितोषिक. त्यामुळे एखाद्या महोत्सवात हे तिन्ही लागले आणि बक्षिसांवरून निवडायला गेलात तर काहीच ठरणार नाही.

दिग्दर्शकाच्या नावावरून निवडणंही इथे फार कामाचं नाही. कोरे-एदा एरवी स्वतःच लिहितात. 1995च्या पहिल्या कथापटानंतर दुसऱ्याची पटकथा त्यांनी घेतली ती थेट ‘मॉन्स्टर’साठी. वेंडर्स तर जर्मन. तरी जपानने ऑस्करसाठी ‘परफेक्ट डेज’च पाठवला आणि त्याला नामांकनही मिळालं. मग ठरवायचं कशावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून: थिएटरबाहेर बघितला तर कोणत्या चित्रपटाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं?

या प्रश्नाचं माझं उत्तर पक्कं आहे. एकच बघायचा असेल तर हामागुचींचा बघा.

त्याची सुरुवातच पाहा. कॅमेरा जंगलात आभाळाकडे तोंड करून संथपणे सरकत राहतो, फांद्यांची जाळी वरून वाहत जाते, आणि सोबत एको इशिबाशी यांचं संगीत. चित्रपटाचा उगमच या संगीतात आहे: आपल्या कार्यक्रमात दाखवायला त्यांनी हामागुचींकडे दृश्यं मागितली होती, त्यातून हा पूर्ण चित्रपट उभा राहिला. पण हामागुची हे संगीत तुम्हाला आरामात ऐकू देत नाहीत. ऐन भरात आलेलं असताना ते कापल्यासारखं थांबतं, आणि उरतो तो नुसता जंगलाचा आवाज. अंधाऱ्या सभागृहात हा घाव बसतो. मोबाईलवर बघाल तर फाईल खराब आहे असं वाटेल.

गोष्ट साधी आहे. टोकियोपासून फार लांब नसलेलं एक डोंगरी गाव. ताकुमी आपल्या लहान मुलीबरोबर राहतो, लाकडं फोडतो, ओढ्यातलं पाणी ओगराळ्याने कॅनमध्ये भरून गावातल्या उदोन नूडल्सच्या दुकानाला पोचवतो. तिथे टोकियोतली एक कंपनी ग्लॅम्पिंग साईट, म्हणजे श्रीमंती थाटाचे तंबू, उभारायला येते. कंपनी मुळात कलाकारांची एजन्सी. कोविडकाळातलं सरकारी अनुदान पदरात पाडून घ्यायचं आहे, म्हणून हा उद्योग. मग गावकऱ्यांसमोर सादरीकरणाची बैठक होते. चित्रपटाचा गाभा मला तिथे दिसला.

आपल्याकडच्या प्रकल्पांच्या जनसुनावणीला जो कुणी बसला असेल, त्याला ही बैठक ओळखीची वाटेल. कंपनीची दोन माणसं आधी एक गुळगुळीत व्हिडिओ दाखवतात. मग गावकरी एकेक प्रश्न काढतात, आणि ते सगळे प्रश्न तपशिलाचे असतात. सेप्टिक टँकची क्षमता 50 माणसांची, मग साईटवर 64 माणसं कशी? टाकी जिथे बसवणार तिथून झिरपा कुठे जाईल? रात्री राखणदार असेल का, शेकोटीची ठिणगी उडाली तर विझवणार कोण? उदोनवाली बाई सांगते की आपण या गावात आलो तेच इथल्या पाण्यासाठी. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. सरपंचासारखे एक वयस्कर गृहस्थ शांतपणे एवढंच मांडतात की वरच्या अंगाला राहणाऱ्याने केलेलं खालच्या अंगाला पोचतं. बैठक बरीच लांब चालते, आणि तिच्यातलं एक मिनिटही कापावं असं मला वाटलं नाही.

याहून मोठी गोष्ट नंतर घडते. त्याच कंपनीच्या दोन नोकरदारांबरोबर आपण गाडीत बसतो, त्यांचं कंटाळणं, एकटेपण, नोकरीबद्दलची चीड ऐकतो, आणि त्यांना खलनायक म्हणणं अवघड होऊन बसतं. ताकुमीचं काम करणारे हितोशी ओमिका आधी याच चित्रपटासाठी पडद्यामागे काम करत होते. लाकूड फोडतानाचा त्यांचा संथपणा खराखुरा वाटतो. शेवट मात्र उलगडून सांगितलेला नाही. ज्यांना शेवटी उत्तर हातात लागतं, त्यांनी हा न निवडलेला बरा. लांबी 106 मिनिटं, म्हणजे तिघांत सगळ्यात छोटा हाच.

‘परफेक्ट डेज’बद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. त्याचा नायक हिरायामा टोकियोच्या शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो. भांड्याच्या कडेखाली छोटा आरसा धरून डाग राहिला का ते बघतो, इतका मन लावून. निळी व्हॅन, कॅसेटवरची गाणी, दुपारी झाडांच्या पानांचा फोटो. याकुशो जवळजवळ न बोलता दोन तास सांभाळतात, आणि शेवटचा त्यांच्या चेहऱ्यावरचा लांब शॉट अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाने बघावा असा आहे.

पण हे काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतं आणि का, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तो आरसा बघताना मला सतत वाटत राहिलं की ही स्वच्छतागृहं फारच स्वच्छ आहेत. ती खरी आहेत: निप्पॉन फाउंडेशनच्या प्रकल्पात नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली. शिगेरू बान यांचं तर पारदर्शक काचेचं आहे, आतून कडी लावली की काच धूसर होते. चित्रपट या प्रकल्पातूनच निघाला, आणि ते जाणवतं. पुढे हिरायामाची बहीण ड्रायव्हरच्या गाडीतून येते तेव्हा कळतं की हे आयुष्य त्याने स्वतः निवडलेलं आहे. ज्यांना निवडायची मुभा मिळाली नाही त्यांचा हा चित्रपट नाही. हे लक्षात ठेवून बघितलात तर त्यातली माया खोटी वाटणार नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना सोबत न्यायचं असेल तर तिघांत हाच. आणि चौकट जुन्या टीव्हीसारखी जवळपास चौकोनी असल्यामुळे घरच्या पडद्यावरही तो फारसा उणावत नाही.

‘मॉन्स्टर’ निवडणार असाल तर आधी काहीही वाचू नका, महोत्सवाच्या पुस्तिकेतला सारांशसुद्धा नाही. मिनातो नावाच्या मुलाची आई शाळेत तक्रार घेऊन जाते इतकंच ठाऊक असावं. तीच घटना तीन बाजूंनी दिसते, आणि दर वेळी आपण कुणाला तरी घाईने दोषी ठरवलेलं असतं. पहिल्या भागात शाळेत कुठूनतरी एक विचित्र, घोगरा आवाज येतो. तो कुणाचा, हे बऱ्याच वेळाने कळतं, आणि ते दृश्य माझ्या लेखी चित्रपटाचा कळस आहे. संगीत र्‍युइची साकामोतो यांचं. कानच्या खेळाआधीच, 28 मार्च 2023 रोजी ते गेले. शिक्षकांनी आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांनी तर हा सोडूच नये. मुलांना मात्र नेऊ नका: छळ आणि मारहाण आहे.

दोन बघता येणार असतील तर हामागुची आणि कोरे-एदा घ्या, पण वेगवेगळ्या दिवशी. ‘मॉन्स्टर’ला सकाळचा खेळ बरा, कारण तपशील ध्यानात ठेवावे लागतात आणि तो 126 मिनिटांचा आहे. हामागुचींचा चित्रपट दिवसातला शेवटचा ठेवा, म्हणजे तो संपल्या संपल्या पुढच्या रांगेकडे पळावं लागणार नाही, आणि सोबत कुणी असेल तर त्या शेवटावर निवांत वाद घालता येईल.