घाटात चालणारं गाडीतलं वेगळं जीपीएस: चौदा महिन्यांचा अनुभव

२०२३ च्या दिवाळीत आतेभाऊ जर्मनीहून आला, तेव्हा बॅगेतून पाच इंची स्क्रीनचं एक नेव्हिगेशन यंत्र काढून म्हणाला, "दादा, आमच्या नव्या गाडीत सगळं आतच आलंय, हे नुसतं पडून आहे. तू कायम फिरतीवर असतोस, तुला कामी येईल." माझी फिरती म्हणजे कोल्हापूर जिल्हा आणि घाटाखालचा थोडा कोकण. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांमधले बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाक्या, मी दुरुस्त करतो. कॉम्प्रेसर बंद पडला की केंद्राच्या सचिवाचा फोन येतो, मग वेळ कुठलीही असो, निघावंच लागतं. दूध ४ अंशांपर्यंत थंड राहिलं नाही तर अख्ख्या गावाचा एका वेळचा पैसा जातो. त्यामुळे वाट चुकण्यात माझा अर्धा तास गेला, तर तो माझ्या एकट्याचा जात नाही. हे यंत्र मी हौसेनं वापरलेलं नाही, एवढं आधी सांगतो.

फोन असताना हे कशाला, असं सगळेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही तो चालतो, कारण जीपीएसला मोबाइलच्या टॉवरची गरजच नसते. उपग्रहांचा सिग्नल थेट येतो. माझी अडचण वेगळी होती. रात्रीचा रस्ता बघत असतानाच सचिवांचा फोन येतो, मग गावातल्या दुसऱ्या कुणाचा, मग ऑफिसचा, आणि नेमक्या फाट्यावर नकाशा कॉलच्या मागे जातो. एप्रिल-मे महिन्यात काचेमागे ठेवलेला फोन इतका तापतो की चार्जिंग थांबतं आणि स्क्रीन मंद होते. वेगळं यंत्र घेतल्यावर फोन खिशात गेला आणि नकाशा नकाशाच्या जागी राहिला. चौदा महिन्यांत सगळ्यात मोठा फरक पडला असेल तर तो हाच.

पहिल्या दिवशी मात्र यंत्र बिघडलंय असंच वाटलं होतं. पोर्चमध्ये उभ्या गाडीत अर्धा तास नुसतं 'उपग्रह शोधत आहे' एवढंच दिसत होतं. भावानं सांगितलं, गाडी उघड्यावर घे आणि हलवू नको. झालं असं की यंत्र कित्येक महिने बंद होतं आणि त्याच्या आठवणीतली शेवटची जागा जर्मनीतली होती. कुठला उपग्रह कुठे असेल याची यादी उपग्रहच पाठवतात आणि ती पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. उपग्रह सुमारे २०,२०० कि.मी. वर, त्यातले निदान चार एका वेळी नीट दिसल्याशिवाय जागा पक्की होत नाही. मैदानात गाडी लावून वीसेक मिनिटं थांबलो आणि बाण बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. त्यानंतर रोज सकाळी अर्ध्या-पाऊण मिनिटात जागा सापडते. जुनं यंत्र घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हा धीर धरावा. दुकानात छपराखाली तपासून 'चालत नाही' म्हणून परत करू नये.

यंत्रात नकाशा फक्त युरोपचा होता. भावानं ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा नकाशा मेमरी कार्डवर घालून दिला. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा खुला नकाशा आहे, लोकच तो काढतात आणि लोकच दुरुस्त करतात. घाट, राज्यमार्ग, मोठी गावं यात उत्तम आहेत. वाड्या-वस्त्यांकडे जाणारे रस्ते काही ठिकाणी नव्हते, त्याबद्दल पुढे लिहितो.

खरा त्रास झाला तो नावांचा. या यंत्राला देवनागरी अक्षरं दाखवता येत नाहीत, त्यामुळे सगळं रोमन लिपीत. आता 'गगनबावडा' शोधून बघा. 'व' ला डब्ल्यू लावायचा की व्ही? 'व' आणि 'डा' च्या मधे ए घालायचा की नाही? गगन आणि बावडा जोडून की वेगळं? एक अक्षर इकडचं तिकडं झालं की यंत्र म्हणणार, असं गावच नाही. मागून सचिवांचा फोन सुरू आणि मी गाडी कडेला घेऊन स्पेलिंगं बदलून बघतोय, असं पहिले दोन महिने चाललं. त्यात एकाच नावाची गावं. वडगाव म्हटलं की कुठलं वडगाव? बुद्रुक आणि खुर्द हे शब्द कुठे लिहिलेले, कुठे गाळलेले. आणि पत्ता तर आपल्याकडे आकड्यात नसतोच. "कमानीतनं आत या, पाण्याच्या टाकीपासनं डावीकडं, मारुतीच्या देवळामागं", हा आपला पत्ता. तो अगदी बरोबर असतो, पण यंत्राला देता येत नाही.

म्हणून मी नावानं शोधणं सोडून दिलं. एकदा एखाद्या केंद्रावर पोचलो की गाडी दारात उभी असतानाच ती जागा यंत्रात जपून ठेवायची, आपल्याला समजेल अशा नावानं. नाव लिहायला दहा सेकंद लागतात. आज माझ्याकडे १४० जागा आहेत. ही सवय लावून घेणार नसाल तर आपल्या भागात अशा यंत्राचा निम्मा उपयोगही होणार नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

नव्या जागेसाठी अक्षांश-रेखांश मागवून घेतो. इथे एक घोळ होऊ शकतो, तो माझ्याकडून झाला म्हणून सविस्तर लिहितो. ऑफिसच्या यादीत एका केंद्राचा अक्षांश १६ अंश ३२ मिनिटं ५० सेकंद आणि रेखांश ७३ अंश ५० मिनिटं १० सेकंद असा होता. यंत्र दशांशात मागत होतं. घाईत मी १६.३२५० आणि ७३.५०१० असं भरलं. वास्तविक मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागून बेरीज करायची असते, म्हणजे अक्षांश १६.५४७२ आणि रेखांश ७३.८३६१. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ कि.मी., त्यामुळे नुसत्या अक्षांशातच जवळजवळ २५ कि.मी. ची चूक झाली. रेखांशाची चूक धरून खूण पडली ती थेट घाटाखाली, देवगडच्या बाजूला. केंद्र गगनबावड्याजवळ, मी निघालो कोल्हापुरातून, आणि यंत्र तीन तासांच्या वर वेळ दाखवतंय हे लक्षात आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून निघण्याआधी अंतराचा आकडा बघतोच. अंदाजापेक्षा फार वेगळा दिसला तर आधी भरलेले आकडे तपासतो, गिअर नंतर टाकतो.

आता रस्ता. यंत्रात 'कमी वेळाचा' आणि 'कमी अंतराचा' असे दोन पर्याय आहेत. भावाच्या वेळचा 'कमी अंतराचा' तसाच राहिला होता. पन्हाळ्याच्या बाजूला एका संध्याकाळी त्यानं मला डांबरी रस्ता सोडून आत घातलं. आधी खडी, मग माती, मग दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधोमध पाणंद. समोरून ऊस भरलेली बैलगाडी आली. मागे घ्यायला जागा नाही. गाडीवान खाली उतरून, हातानं इशारे करत, शे-दीडशे पावलं मला उलटं घेऊन गेला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्या रात्रीच पर्याय बदलला आणि कच्चे रस्ते टाळण्याची खूणही केली. तुम्हीही पहिल्याच दिवशी हे दोन्ही करा.

पोचायची वेळ आपल्या घाटांत खरी मानू नका. रस्त्याच्या प्रकारावरून यंत्र वेग धरतं. राज्यमार्ग म्हटलं की ठरावीक वेग, मग तिथे वळणं असोत, खड्डे असोत, नाहीतर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या. सपाटीला वेळ बरी जमते. घाट असला की मी दाखवलेल्या वेळेत निम्मी आणखी मिळवतो आणि सचिवांना तीच सांगतो.

बंद रस्त्यांची खबरही त्याला नसते. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला. गगनबावड्यापर्यंतचे सुमारे ५५ कि.मी. जाऊन चहाला थांबलो, तेव्हा टपरीवाल्यांनी स्क्रीनकडे बघून सांगितलं, "करूळ बंद हाय साहेब, भुईबावड्यानं उतरा." गावातून दोन घाट फुटतात, एक करूळचा वैभववाडीला, दुसरा भुईबावड्याचा खारेपाटणच्या बाजूला. यंत्र मात्र भुईबावड्याला वळल्यावरही बराच वेळ मागे फिरायला सांगत होतं. नकाशावर चौकोन आखून तेवढा भाग टाळायची सोय माझ्या यंत्रात आहे, ती त्या दिवशी शोधून काढली. शहरातल्या कोंडीचंही तेच. कोल्हापुरात आणि पुण्यात मी आजही फोनवरचाच नकाशा लावतो.

एवढं असूनही हे यंत्र मी गाडीतून काढणार नाही, त्याचं कारण आंबा घाट. जुलै २०२४, रात्रीचे साडेअकरा, साखरप्याकडून वर चढत होतो. पाऊस आणि धुकं असं की दिव्याच्या उजेडात समोर नुसती पांढरी भिंत, कडेचे दगडही मधूनच दिसत. फोनला एक कांडीही नाही. यंत्राच्या काळ्या पडद्यावर, सूर्यास्ताची वेळ धरून ते आपोआप रात्रीच्या रंगात जातं, रस्त्याची रेघ शांतपणे पुढे सरकत होती. पुढचं वळण डावं, लगेच उजवं, मग लांब सरळ. रेघेकडे बघून गाडी चालवायची नसते. नजर रस्त्यावर आणि वेग दहा-पंधराचाच होता. पण पुढे काय येणार हे आधी कळल्यामुळे हात घट्ट धरले गेले नाहीत. अशा रात्री पूर्वी मी एखाद्या ट्रकचे मागचे दिवे धरून चढायचो. एकदोनदा दाट झाडीत आणि कड्याखाली बाण घसरून वरच्या वळणावर जाऊन बसला. कड्यावर आपटून आलेला सिग्नल यंत्राला फसवतो. काही क्षणांत तो जागेवर आला. हे माहीत असलं की गोंधळ उडत नाही.

वस्तूबद्दल थोडक्यात. काचेला चिकटणारी रबरी वाटी उन्हाळ्यात सैल पडते. दोनदा गतिरोधकावर यंत्र खाली आलं. काच आणि रबर दोन्ही ओल्या फडक्यानं पुसून, कोरडं करून लावलं की आठवडा-दहा दिवस टिकतं. उन्हात गाडी उभी करताना काढून डिकीत ठेवतो. जागा उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे समोरची नजर अडत नाही आणि एअरबॅगच्या वाटेतही येत नाही. बॅटरी जुनी आहे, वायर काढली तर पाऊण तास. चार्जिंगचं भोक ढिलं झालंय, वायर हलली की बंद पडतं. या एका गोष्टीचा मला अजून इलाज सापडलेला नाही. आवाज इंग्रजी किंवा जर्मन, मराठी नाही, आणि गावांची नावं तो ओळखू येणार नाहीत अशी उच्चारतो. मी तो बंदच ठेवलाय.

नकाशात नसलेल्या रस्त्यांचं राहिलं. यंत्र आपण गेलेल्या वाटेची नोंद ठेवत असतं. ती नोंद संगणकावर घेऊन ओपनस्ट्रीटमॅपवर जोडरस्ता काढायला भाच्यानं शिकवलं. राधानगरीच्या बाजूच्या वस्त्यांचे अकरा रस्ते मी आतापर्यंत घातले. दोन-तीन महिन्यांनी नवा नकाशा कार्डावर घेतला, तेव्हा मी काढलेला पहिला रस्ता यंत्रानं मलाच दाखवला. गाडी बाजूला घेऊन बघत बसलो होतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवा मुलगा लागला, गडहिंग्लजचा. माझ्या १४० जागांची फाइल त्याच्या फोनमध्ये घालून दिली, ती फोनमध्येही उघडते. परवा रात्री दोनला त्याला राधानगरीकडचा कॉल आला. त्यानं मला वाट विचारायला फोन केला नाही, सकाळी काम झाल्याचाच केला.