गोधडीसाठी सुई आणि अंगुस्तान: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात आजीची दोन नऊवारी लुगडी आणि आजोबांची धोतरं पुढ्यात घेऊन गोधडी घालायला बसले, तेव्हा हातात घरातलीच एक लांब सुई होती आणि बोटात काही नव्हतं. आजी बोटाला चिंधी गुंडाळायची, तशी मीही गुंडाळली. तिसऱ्या दिवशी मधल्या बोटाच्या टोकाला सुईच्या मागच्या टोकाने भोक पाडलं आणि आठवडाभर काम बंद पडलं. तेव्हापासून आजपर्यंत एक पाच बाय सात फुटांची गोधडी आणि भाचीसाठी एक दुपटं पूर्ण झालं, दुसरी गोधडी निम्म्यावर आली आहे. रोज साधारण एक तास टाके घालते. या काळात जे वापरलं, त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बोट दुखतं म्हणून हे काम अर्धवट सोडलेल्या दोघी-तिघी माझ्याच ओळखीच्या आहेत.

अंगुस्तान म्हणजे शिंपी बोटात घालतात ती टोपी. पुण्यात बोहरी आळीत शिवणकामाच्या सामानात सहज मिळाली, २० रुपयांना. घेतली आणि तरीही हात दुखायचा थांबेना. दोन महिने मी टोपीलाच दोष देत होते. खरी अडचण जोडीची होती. माझी सुई साडेपाच सेंटीमीटरची, आणि टोपी बोटाच्या टोकावर. लांब सुईवर चार-पाच टाके गोळा करायचे तर तिचं मागचं टोक तळहातापाशी येतं. तिथून बोटाच्या टोकाने ढकलायला गेलं की मनगट वाकडं होतं आणि सुई टोपीवरून घसरते. त्यामुळे आधी सुईची लांबी ठरवा आणि मग तिला साजेसं अंगुस्तान घ्या, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

लांब सुईसाठी जपानी साशिको भरतकामात वापरतात ती चकती घ्यावी. मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठीसारखी बसते आणि तिची खळ्यांची धातूची चकती तळहाताच्या बाजूला राहते. सुईचं मागचं टोक चकतीवर टेकवायचं, डाव्या हाताने कापड सुईवर सारत राहायचं. जोर तळव्यातून येतो, बोटाच्या टोकावर काहीच भार नाही. धावदोऱ्याच्या लांब सरळ ओळी असतात तिथे, म्हणजे आपल्या गोधडीत, याइतकं सुखाचं मला दुसरं काही सापडलं नाही. सवय व्हायला मात्र दहा-बारा दिवस लागतात.

दुपट्याला बारीक टाका हवा होता. तिथे बिटवीन्स नावाच्या आखूड सुया घेतल्या. सात नंबरची सुई जेमतेम तीन सेंटीमीटरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक आणि आखूड होत जाते, हे ध्यानात ठेवा. मी आधी उलटं समजून बारा नंबर मागितला होता आणि त्याच्या नेढ्यातून दोरा जाईना. नेढं अरुंद असलं की दोरा ओवला तरी प्रत्येक टाक्याला पिंजतो. या आखूड सुईला बोटाच्या टोकावरची धातूची टोपीच हवी. घेताना खळ्या खोल आहेत का ते नखाने चाचपून पाहा. उथळ असतील तर सुई घसरून नखाखाली शिरते. टोपी घालून हात खाली झटकला तर ती पडता कामा नये, आणि आत बोटाचं टोक वरपर्यंत टेकलं पाहिजे. डिसेंबरात अगदी बरोबर बसलेली माझी टोपी एप्रिलच्या उकाड्यात आवळायला लागली, म्हणून आता दोन मापांच्या ठेवते.

सिलिकॉनची रंगीत टोपी ऑनलाइन मागवली होती. तीन आठवड्यांत सुई आरपार गेली, शिवाय आत घाम साचतो. पैसे वाया.

सुयांवर कंजुषी करू नका. एका गोधडीला मला तीन सुया लागल्या. वरचा चकचकीत मुलामा गेला की सुई घामाने चिकट होते आणि कापडात अडते. मऊ सुती कापडातून ओढताना किंचित जरी अडकली तरी बदलते. वाकलेली सुई तर लगेच बाजूला काढायची. दुपट्याच्या कडेला, जिथे घड्या येऊन पाच-सहा थर होतात, तिथे मी वाकलेली सुई रेटली आणि टोकाकडचा तुकडा आत मोडला. बाळाच्या अंगाखाली जाणारं कापड! लोहचुंबक घेऊन इंच इंच फिरवला, शेवटी ओळी उसवून तो तुकडा काढला. तेव्हापासून उठताना सुई मोजून डबीत ठेवते.

जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं सुईला वाट देतं. टेरिकॉटचा एक थर आत गेला तरी हात भरून येतो. तिथे सुई ओढायला नोटा मोजताना घालतात ते रबरी टोपण उजव्या हाताच्या तर्जनीत घालते, पकड छान बसते. दोऱ्याला मेण लावलं तर तो गुंतत नाही.

आईच्या बोटाचं शेवटचं पेर सुजलेलं आहे, तिला धातूची टोपी सोसत नाही. तिच्यासाठी जुन्या पर्सचं चामडं बोटावर धरून मापाने कापलं, दोन तुकडे जोडून मागच्या बाजूला इलास्टिकची पट्टी लावली. चामडं पुढे सैल पडतं म्हणून मुद्दाम थोडं घट्ट ठेवलं. महिनाभरात ते तिच्या बोटाच्या आकाराचं झालंय, आणि दुसऱ्या गोधडीची एक बाजू तिनेच धरली आहे.