बजेट गेमिंग पीसी: एसएमपीएसचं मॉडेल कोटेशनवर लिहून घ्या

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. २०२४ च्या दिवाळीत पन्नास हजारांच्या आसपास गेमिंग पीसी जोडायला निघालेले बरेचजण इथेच येऊन थांबत होते, मीही हेच घेतलं. या पार्ट्सवर भरपूर लिहून झालंय, म्हणून ते थोडक्यात उरकतो. मला लिहायचंय ते कोटेशनच्या शेवटच्या ओळीबद्दल. वरच्या प्रत्येक ओळीत कंपनी होती, मॉडेल होतं. या ओळीत फक्त "एसएमपीएस ४५० वॉट". एसएमपीएस म्हणजे घरातली वीज पीसीच्या पार्ट्सना लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा डबा.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. १०८० पी वर व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेम्सच्या खाली येत नाही, जीटीए फाइव्ह लोण्यासारखा चालतो, सायबरपंक मीडियमवर ६० च्या आसपास राहतो. प्रोसेसरच्या डब्यात येतो तो कूलर बदलाच, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी प्रोसेसरचं तापमान ८० अंशांच्या वर जायचं, पण या चिपची मर्यादा ९० आहे आणि गेम कधी अडखळला नाही. कूलरचे दोन हजार वाचवा. रॅमची मात्र १६ ची एकच पट्टी देत असतील तर घेऊ नका, आठ-आठच्या दोन मागा. दोन पट्ट्या एकदम काम करतात, त्या ड्युअल चॅनेलचा फरक गेममध्ये दिसतो.

त्रास मार्चपासून सुरू झाला. आमचं घर कराडच्या बाहेर, मळ्याला लागून. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि वळीव आला की लाईट येते-जाते. म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस होताच. तरी गेम चालू असताना लाईट गेली की पीसी रिस्टार्ट. दुकानदार म्हणाले, "साहेब, यूपीएसची बॅटरी गेली." नवी बॅटरी टाकली. तेच.

मग एका संध्याकाळी नीट लक्ष देऊन बघितलं. मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही एकाच यूपीएसवर. लाईट गेली, यूपीएसचा रिले टक् वाजला, मॉनिटर जसाच्या तसा चालू राहिला आणि कॅबिनेटचे पंखे तेवढे थांबून पुन्हा फिरायला लागले. म्हणजे यूपीएस वीज देत होता. शिवाय नुसता ब्राउझर उघडा असेल तर काही व्हायचं नाही, गेममध्येच व्हायचं.

यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण पाच-दहा मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. पीसीच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकात त्यासाठी १६-१७ मिलिसेकंद धरलेत. स्वस्तातला माल बनवताना हाच कपॅसिटर लहान टाकतात. लोड कमी असला की निभावतं, ग्राफिक्स कार्ड ओढायला लागलं की साठा संपतो.

बाजूचं पॅनेल काढून स्टिकर वाचला. वर ठळक ४५०. खाली बारीक अक्षरांच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा अठरं २१६ वॉट. हल्लीच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो, आरएक्स ६६०० ची रेटिंग १३२ ची. इथेच २०८ झाले, बोर्ड आणि पंखे अजून धरलेच नाहीत. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतून फुगवलेला, आणि त्या दोन्हींवर आज फार थोडं चालतं. या मालाला ४५० वॉटचा म्हणून विकणं ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

जूनमध्ये हा एसएमपीएस गेलाच. जळका वास आला आणि सगळं बंद. एसएमपीएस एकटा चालू होतो का ते बघायला २४ पिनच्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला जोडून बघितली, त्याचा पंखा हललासुद्धा नाही. कार्डही घेऊन गेला की काय, या काळजीने रात्री झोप लागली नाही. कार्ड वाचलं.

दुकानात उत्तर मिळालं, "लाईटमुळे गेलंय, वॉरंटीत बसत नाही." बिल बघितलं तर "असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग" एवढीच ओळ. १८ टक्के जीएसटी लावलेलं पक्कं बिल, आणि त्यावर एकाही पार्टचा सिरियल नंबर नाही. उद्या तीन वर्षांच्या वॉरंटीतलं कार्ड बिघडलं तर सर्व्हिस सेंटरला दाखवायचं काय? एसएमपीएसचे हजार रुपये सोडायची माझी तयारी होती, बिल सोडायची नव्हती. डब्यांवरचे नंबर उतरवून नेले, हेलपाटे घातले, आवाज चढवला, तेव्हा कुठे सगळे नंबर टाकलेलं बिल हातात पडलं. एसएमपीएसचे पैसे आलेच नाहीत.

नवा एसएमपीएस मामेभावाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडून स्टिकरचा फोटो मागवला होता. ५५० वॉट, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट, इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट), पाच वर्षांची वॉरंटी. ३,८०० रुपये. कंपनीचं नाव देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्टिकर वाचा.

तो बसवल्यापासून माझी दोन मतं बदलली. ॲक्टिव्ह पीएफसीला साधा यूपीएस चालत नाही, प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा लागतो, असं मी धरून चाललो होतो. माझा ६०० व्हीएचा साधाच आहे. तो जेमतेम ३६० वॉट देतो, तरी मॉनिटरसकट सगळं पेलतो आणि गेम सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. दुसरं ब्रॉन्झबद्दल, म्हणजे ८० प्लस शिक्क्याच्या एका पातळीबद्दल. ८० प्लसचा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. तो तपासतात २३ अंशांच्या खोलीत, आणि शॉर्ट किंवा ओव्हरलोड झाल्यावर एसएमपीएस काय करेल याच्याशी त्याचा संबंध नाही. नुसतं ब्रॉन्झ बघून पैसे देऊ नका, १२ व्होल्टचा रकाना बघा.

आता मोटारी सुरू होतात, दिवे मंद होतात, पीसी चालू राहतो. परवा जोरदार पावसात गेम चालू असतानाच लाईट गेली. यूपीएस टक् वाजला आणि सायबरपंकमधली गाडी तशीच पळत राहिली. मला केवढा आनंद झाला!

जास्तीचे अडीच-तीन हजार कुठून काढायचे, असं विचाराल तर कॅबिनेटमधून. काच आणि रंगीत पंख्यांचं साडेतीन-चार हजारांचं कॅबिनेट गळ्यात मारतात. पुढून जाळी असलेलं साधं दोन हजारांत मिळतं, हवाही जास्त खेळते. उरलेले कूलरचे. कार्डाला हात लावायची वेळ येत नाही.