बेळगावातील वेदनाशमन ओपीडी : गोळी सोडवण्याचे काम कसे केले जाते

बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका खासगी रुग्णालयाच्या वेदनाशमन ओपीडीत माझ्या वडिलांचे उपचार नुकतेच पूर्ण झाले. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या एका दवाखान्याने त्यांना ट्रामाडॉल हे अफूवर्गातील वेदनाशामक लिहून दिले होते. गोळी केव्हा घ्यायची हे त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर होते, ती कशी सोडायची याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. काही महिन्यांनी ‘आता बंद करा’ असे तोंडी सांगण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी घाम, एकामागून एक जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले. रात्री पाय एका जागी ठेवणेही त्यांना जमेना. घरात कोणी बाधलेले जेवण म्हणाले, कोणी ताप.

टिळकवाडीतील डॉक्टरबाईंनी तपासणीआधी रिकाम्या पट्ट्या मागून घेतल्या, टेबलावर मांडल्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे विचारले. अशा औषधांचा असर लवकर उतरत असल्याने त्रास साधारणपणे 8 ते 24 तासांत सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतो, हे त्यांनी स्वच्छ मराठीत समजावले. पुढच्या रुग्णाशी त्या तितक्याच सहज कन्नडमध्ये बोलल्या. ‘मला व्यसन लागलं का?’ या वडिलांच्या प्रश्नावर, ‘नाही काका, रोज मिळणारं औषध शरीराच्या अंगवळणी पडलंय, ते हळूहळू उतरवू,’ एवढेच उत्तर त्यांनी दिले. नियमाने, डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घेणाऱ्यालाही असे होते. दुष्परिणाम दिसत असूनही औषधाची ओढ न आवरणे हे निराळे, हा फरक कळल्यावर वडिलांचा चेहरा निवळला.

या सेवेचा खरा गुण कागदावर दिसतो. डोस उतरवण्याचे वेळापत्रक मोठ्या मराठी अक्षरांत हाताने लिहिलेले होते आणि शेजारी खूण करण्यासाठी चौकटी आखलेल्या होत्या. वर्षभर किंवा अधिक काळ औषध घेतलेल्यांसाठी डोस महिन्याला सुमारे 10 टक्के किंवा त्याहून संथपणे कमी केला जातो, थोडे दिवस घेतलेल्यांना वेग वाढवता येतो. त्रास झाला तर आहे त्या पायरीवर थांबायचे. दीर्घकाळ विरघळणारी गोळी तोडायची किंवा कुटायची नाही, कारण तसे केल्यास सगळा डोस एकदम सुटतो, ही सूचना लाल शाईने अधोरेखित केली होती. झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरील औषधे, दारू यांबद्दल त्यांनी खोदून विचारले. ट्रामाडॉल मेंदूतील सेरोटोनिन या मनःस्थितीशी संबंधित रसायनावरही परिणाम करते. म्हणून ते एकाएकी सोडल्यास काहींना प्रचंड घबराट किंवा भासही होतात आणि डोस जास्त झाल्यास आकडीचे झटके येऊ शकतात. एक धोका मात्र त्यांनी दोनदा बजावला: काही काळ औषध सुटल्यावर दुखणे उसळले म्हणून जुनाच डोस घेतला, तर तेवढे औषध सोसण्याची शरीराची सवय उतरलेली असल्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

औषधे तळमजल्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. ट्रामाडॉल शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या आणि कडक नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत असल्याने डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या स्वतंत्र रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. 2018 पासून हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे. ओळखीच्या जोरावर जादा पट्टी मागणाऱ्या एका गृहस्थांना तिथल्या मुलाने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला, ते मला आवडले. मात्र यामुळे पट्टी संपण्याआधी नवी चिठ्ठी हाती असणे रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते, आणि इथेच ही ओपीडी कमी पडते. रविवारी फोन कोणी उचलत नाही. नंबर लागायला दुपार होते. खानापूर, जांबोटीकडून येणाऱ्यांचा अख्खा दिवस त्यात जातो. छापील माहितीपत्रक फक्त कन्नड व इंग्रजीत आहे. सीमाभागातल्या वयस्क मराठी रुग्णांसाठी ते मराठीतही छापले, तर डॉक्टरबाईंचे हाताने लिहिण्याचे कष्टही वाचतील.

तपासणी शुल्क शहरातल्या इतर तज्ज्ञांइतकेच आहे. जाताना जुनी चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, आणि पुढची तारीख शनिवारच्या आतली मागून घ्यावी.