मालवणमधली खाणावळ: दर फळ्यावर नाही म्हणून लबाड?

बंदराजवळची घरगुती खाणावळ. बांगड्याचं तिखलं फक्कड, तिरफळाचा वास ताटाच्या आधी पोचतो. सोलकढी मात्र पातळ वाटली.

पण मला लिहायचंय ते दराबद्दल. 'गिऱ्हाईक बघून भाव लावतात' असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. सुरमईचा दर फळ्यावर नसतो, हे खरं. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मासळी थोडी येते आणि लिलावातला भाव रोज हलतो. विचारलं तर मालकीणबाई तुकडा दाखवून दर आधी सांगतात. त्यांच्या मनात काय आहे ते देव जाणे. मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं कुसळ-मुसळ आम्हां ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकवतात, मग परक्या बाईला लबाड कुठल्या तोंडाने म्हणू? फळा कोरा असणं गैरसोयीचं आहे, तेवढं मी समोरच सांगितलं.

"काकी, रोजचो दर खडून लिवा, लोकांचो गैरसमज जातलो."

"लिवतंय गो. पण दुपारी भाव बदललो तर?"

तोवर बसण्याआधी दर विचारा, आणि तिखलं चुकवू नका.